शेळीला हाक न मारणारं गाव

थांबा, थांबा पाव्हणं. ती हाक पुरे करा. त्या बाईनं तुमच्याकडं कसं वळून बघितलं, दिसलं का? शेळीचा फोटो काढायचाय तर खुशाल काढा, शेळीची काही हरकत नाही. पण 'ये ये, हुर्र हुर्र' असं तोंडानं काही करायचं नाही. या हिवरखडीत शेळीला हाक मारत नाहीत.

बसा इथं जरा पारावर. उन्हं कलली, आता कळप माघारी येतील. नुसतं बघत राहा. दुसऱ्या गावात या वेळेला केवढा कालवा असतो! हुर्र काय, शीळ काय, शिव्या काय, सगळं रान दुमदुमतं. इथं बघा. माणूस चालत जातो, म्होरक्या शेळीच्या मानेला हात लावतो आणि गावाकडं तोंड करून चालायला लागतो. ती त्याच्यामागं आणि बाकीच्या तिच्यामागं. एखादी बाभळीच्या शेंगांना भुलून मागं राहिली, तर तिच्यापर्यंत परत जायचं, हात लावायचा आणि आणायची. वेळ मोडतो, पाय दुखतात, नव्या सुना पहिल्या वर्षी कपाळाला हात लावतात. पण तोंडातून शब्द काढत नाहीत.

आणि तो टेक बघा, बोरीच्या झाडांच्या वर. तिथं दगड रचून केलेलं गोल कुंपण आहे. त्याला कोंडाईचं वाडगं म्हणतात. वाडगं म्हणजे शेळ्यामेंढ्या कोंडायची जागा, तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर आता झालं. पाय मोडलेली शेळी असो, लांडग्यानं धरलेली असो की वीत असताना अडलेली असो, या गावातली असो नाहीतर चार गावांपलीकडची, ती त्या वाडग्यात नेतात. तिथं देव नाही, शेंदूर नाही, पुजारी नाही. मीसुद्धा पुजारी नाही. माझ्याएवढं जुनं हाड गावात दुसरं उरलं नाही, म्हणून पाव्हणा आला की मला पुढं करतात.

तर कोंडाई. ही धनगराची लेक, याच गावची. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत नवरा मेंढरांमागं रानात असताना पान लागून गेला, असं सांगतात. पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडं त्या जनावराचं नाव घेत नाहीत. पोरगी माहेरी आली. आल्या आल्या आई पटकीनं गेली आणि आईमागं बाप गेला. मागं राहिला भाऊ, म्हाकू, अजून पाळण्यातला. दुसरं कुणी नाही. कोंडाईनं त्याला शेळीच्या आचळाला लावून वाढवला. आमच्यात बाईचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. तिलाही मागण्या आल्या. चांगली चांगली माणसं आली म्हणे. तिचं एकच उत्तर, "म्हाकूला कुठं ठिवू?" ती माणसं भाकरी खाऊन निघून गेली.

शेळ्यांच्या दुखण्याचं ज्ञान तिच्या हातात कुठून आलं, हे कुणाला माहीत नाही. बापाकडून म्हणतात. मोडलेला पाय ती ओढून सरळ करायची, हाडसांधीचा वेल कुटून त्याचा लेप द्यायची, वरून जुनेराचा पट्टा आणि त्यावर बांबूच्या कामट्या अंबाडीच्या दोरीनं आवळायची. किती आवळायचं, ते खरं कसब. सैल बांधलं तर हाड हलतं, घट्ट बांधलं तर खूर काळा पडतो. जखमेत किडे पडले तर करंजाचं तेल आणि हळद. आणि गाभण शेळीची तिची तयारी तर बघण्यासारखी होती, असं जुन्या बायका सांगायच्या. कास उतरली, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला खळगा पडला, शेळी पायानं जमीन उकरायला लागली, की कोंडाई तिला कळपातून बाजूला काढायची. कोपीतली, म्हणजे गवती झोपडीतली, जमीन झाडायची, राख पसरायची, वर वाळलं गवत. चुलीवर पाणी, बाजूला तेलाची वाटी, बाजरीच्या पेजेत गुळाचा खडा. मग हातातल्या बांगड्या सारून तिच्या शेजारी बसून राहायची. ओरडा नाही, घाई नाही.

आणि तिची एक हाक होती. प्रत्येक राखणाऱ्याची असते. तिची म्हणे अशी होती, हळू आवाजात सांगतो, तिकडं ऐकू जायला नको. 'हुर्रऽ, ये गं माजे बाई, येऽ.' शेवटचा 'ये' जरा वर नेऊन सोडून द्यायची. ही हाक ऐकली की पाला तोंडात धरलेली शेळीसुद्धा पाला टाकून निघायची. म्हाकू तिच्या कडेवर होता तेव्हापासून ही हाक ऐकत आला होता. बोलायला लागायच्या आधी तो ती हाक मारायला लागला. कोंडाईला त्याचं कोण कौतुक! आल्यागेल्याला ऐकवायची. म्हाकू मोठा झाला, मिसरूड फुटलं, आणि त्याची हाक आणि हिची हाक डोळे मिटून ऐकली तर कुणाची कुठली कळेना. मग तिनं आपला चांगला कळप त्याच्या हवाली केला. तो बापजाद्यांचा कळप होता, धष्टपुष्ट आणि दुभता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्यातूनच नवरीच्या बापाला देज द्यायचं होतं. स्वतः ती टेकावर त्या वाडग्यात राहायला गेली, लोकांच्या आजारी शेळ्या सांभाळत.

त्या वर्षी रानात लांडगे फार माजले होते. एका दिवशी गावाचे कळप गावामागच्या कड्यावर चरत होते आणि लांडग्यांची टोळी आडून घुसली. धरल्या थोड्याच. पण बाकीच्या बिथरल्या आणि एकीनं उडी मारली म्हणून दुसरीनं मारली. शेळीची जात! कड्यावरून खाली धोंड्यांत जाऊन पडल्या. ज्या मेल्या त्या सुटल्या. वीसएक जिवंत राहिल्या, कुणाचा पुढचा पाय मोडलेला, कुणाचा मागचा, कुणाचं कातडं लोंबतंय. आणि त्यातल्या बहुतेक गाभण होत्या. पोटाला हात लावला तर आतलं करडू हलत होतं.

गावकऱ्यांनी सुऱ्या काढल्या. त्यांचं तरी काय चुकलं? मोडक्या शेळीचं दुसरं काय करतात? मांस तरी वाया जाऊ नये. तेवढ्यात कोंडाई टेकावरून पळत आली. पायात काही नव्हतं. ती म्हणाली, "एकीलाबी हात लावायचा न्हाई. मला द्या. म्या बऱ्या करती, म्या बाळंत करती."

लोक हसले. येसू पाटील म्हणून गावचा पाटील होता, तो म्हणाला, "आगं कोंडे, वीस लंगड्या घिऊन काय करशील? वरात काढायचीय काय?"

"पाटील, त्या दोन जिवांच्या हायत. बऱ्या झाल्या की करडांसकट ज्याची त्याला दीन. मला त्यातलं काय बी नगं."

"आन मधीच मेली तर?"

"तर म्या पुरती. पर तवर त्या वाडग्याच्या. कुणी सुरी लावायची न्हाई, कुणाला लावू द्यायची न्हाई. बिरोबाचा भंडारा उचला."

भंडारा उचलणं म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ वाहणं. आमच्या माणसाला यापुढची शपथ नाही. भंडाऱ्यावर खोटं बोललेला माणूस आपल्याच पंक्तीत बसू शकत नाही. बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमले. ज्याची ज्याची शेळी होती त्यानं भंडारा उचलला, पाटलानंही उचलला. आणि भंडाऱ्याची वाटी कुणाच्या हातात होती? म्हाकूच्या. बहिणीच्या शेजारी छाती काढून उभा होता.

शेळ्या खांद्यावर घालून वर नेल्या. कोंडाईनं एकेकीला धरलं. म्हाकूनं मान धरायची, हिनं पाय ओढायचा. तीन जणी गेल्या, त्यांना पुरलं. बाकीच्या तगल्या. कोंडाई रात्रंदिवस त्यांच्यात. पाला तोडून आणायचा, प्रत्येकीच्या तोंडापुढं धरायचा, पट्ट्या सोडायच्या, बघायच्या, पुन्हा बांधायच्या. पडून पडून अंगाला फोड येतात, म्हणून दिवसातून कितीदा तरी एकेकीची कूस बदलायची. हळूहळू त्या उभ्या राहायला लागल्या. कामट्या बांधलेला पाय पुढं टाकून, डुगूडुगू करत, दुपारच्या वेळी टेकाच्या पायथ्याच्या डबक्यापर्यंत पाण्याला जायला लागल्या. काठीनं हाकून त्या उठत नव्हत्या. दुखऱ्या जनावराला काठी दाखवली की ते बसकण मारतं. त्या उठायच्या कोंडाईच्या हाकेवर. हाक आली म्हणजे पाणी, पाला आणि दुखऱ्या पायावर हळू फिरणारा हात, एवढंच त्यांना ठाऊक. बायका सांगतात, कोंडाई त्यांना बोलून दाखवायची, "आता तुमाला कोण काय करनार न्हाई गं. म्या हाय न्हवं."

आणि मग विण्याचे दिवस जवळ आले. एकेकीची कास उतरायला लागली. कोंडाईनं कोपी झाडून घेतली, राख चाळून ठेवली, गवत वाळवलं, गावात जाऊन गूळ मागून आणला. इतकी खूश होती म्हणे, की वाटेत भेटलेल्या बायका तिला म्हणाल्या, "कोंडाबाय, माहेरपनाला लेकी आल्या जनू!" ती म्हणाली, "आल्याच हायत की."

त्याच सुमाराला नदीच्या उताराजवळ, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागी, फौजेची छावणी पडली. कुणाची फौज? कुणी म्हणतं मोगलाची, कुणी म्हणतं आपल्याच माणसांची. बकरं खाणाऱ्याचा झेंडा कोण बघतो पाव्हणं! छावणीतून माणसं आली, पाटलाला म्हणाली, उद्या दुपारपर्यंत पंधरा बकरी पाहिजेत. नाही दिली तर आम्हीच येऊन घेऊ, मग पंधराच घेऊ असं नाही.

पाटील सरळ माणूस होता असं कुणी म्हणत नाही, पण वाईट होता असंही म्हणत नाही. त्यानं लोक बोलावले. आता शेळी द्यायची कुणी? जो तो दुसऱ्याच्या कळपाकडं बघायला लागला. कुणाची दुभती, कुणाची नवसाची, कुणाची लेकीला द्यायची. शेवटी कुणीतरी बोललं. कोण बोललं त्याचं नाव आजवर निघालं नाही. प्रत्येक घर म्हणतं, आमचा नव्हता. तो म्हणाला, "वर टेकावर हायतच की. त्या कड्यावरनं पडल्या तवाच गेल्या हुत्या."

भंडारा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता. मग पाटील म्हणाला, "लांडग्यानं नेल्या असत्या तर काय केलं असतं? तसंच समजायचं." त्यावर कुणी नाही म्हणालं नाही. पण नेणार कसं? लंगड्या जनावरांना टेकावरून उतरवायचं, आणि कोंडाई आडवी पडल्याशिवाय राहणार नव्हती. पाटलानं म्हाकूकडं बघितलं. "म्हाकू, लंगड्या न्हाई गेल्या तर कुनाचा तरी चांगला कळप जानार. गावात सगळ्यांत भरला कळप तुजा हाय. तुजं लगीन तोंडावर आलंय. तूच इचार कर."

म्हाकूनं विचार केला. लंगडी शेळी ती लंगडीच राहणार. आज नाही उद्या कापणारच. आक्का चार दिवस रडेल, मग कळेल तिला. हा कळपही तिचाच की. तिच्याच कळपाला वाचवायचं. असं त्यानं स्वतःला समजावलं, असं सांगतात. माणूस वाईट काम करताना स्वतःला फार चांगलं समजावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंडाईची कबरी नावाची शेळी अडली. पाणमोट फुटली, करडाचे दोन पाय दिसायला लागले आणि पुढं काही सरकेना. कोंडाईनं तिला कोपीत घेतलं. हाताला तेल लावून आत घातला तर मान मागं वळलेली. अशा वेळी पाय ओढले तर आई आणि पिल्लू दोन्ही जातात. पिल्लाला हळूच आत ढकलावं लागतं, कळ थांबली की बोट घालून जबडा शोधावा लागतो, मान वळवून पुढं आणावी लागते. पुन्हा कळ आली की थांबायचं. कोंडाई अशी गुडघ्यांवर बसलेली होती, मनगटापर्यंत हात आत, कबरीचं डोकं तिच्या मांडीला टेकलेलं, आणि बाहेरून हाक ऐकू आली.

'हुर्रऽ, ये गं माजे बाई, येऽ.'

तिची स्वतःची हाक. म्हणजे म्हाकू आला. उन्हं डोक्यावर आली होती, शेळ्यांच्या पाण्याची वेळ झाली होती, आणि ही तर अडकून पडलेली. कोंडाईला काय वाटलं असेल? तिला बरं वाटलं, हो. तिला वाटलं, न सांगता आला, अडचण ओळखून आला, शहाणा झाला माझा म्हाकू. बाहेर खुरांचा आवाज झाला, कामट्या दगडांवर टकटक वाजल्या, एकेक करून सगळ्या उठल्या आणि बाहेर पडल्या. कोपीतूनच ती ओरडली, "म्हाकू, सावकाश रं! टिपकीच्या पायाला जप!"

त्यानं ओ दिली नाही. तिला वाटलं, लांब गेला असेल.

मग कळ थांबली, जबडा बोटाला लागला, मान वळली आणि करडू आलं. मादी होती. निपचित होती. कोंडाईनं तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवतानं छाती चोळली, फुंकर घातली. करडू शिंकलं. कबरीनं ते चाटायला घेतलं. कोंडाई हसत हसत गरम पाणी आणायला बाहेर आली.

वाडगं रिकामं होतं. दाराची बोराटी, म्हणजे बोरीच्या काट्यांचं झाप, बाजूला सरकवून नीट उभं करून ठेवलं होतं. चोरानं काढलं असतं तर फेकून दिलं असतं. ती डबक्यावर गेली. डबक्याच्या चिखलात एक खूर उमटलेला नव्हता. मग तिनं माग बघितला. कामट्या बांधलेल्या पायाची जमिनीवर एक ओढलेली रेघ उठते. अशा रेघाच रेघा टेकावरून उतरून गावाला वळसा घालून नदीच्या उताराकडं गेल्या होत्या. मध्ये कुठं थबकल्याची खूण नाही, फाकल्याची नाही. सरळ गेल्या होत्या. हाकेमागं जातात तशा.

उतारावर गाव उभं होतं. छावणीला शेळ्या पोचवून सगळे तिथंच घोटाळत होते. कोंडाईला बघून बायकांनी तोंडाला पदर लावला आणि बापये नदीकडं बघायला लागले. झाडाखाली कामट्यांचा ढीग पडला होता. कापायच्या आधी पट्ट्या सोडून तिथं टाकल्या होत्या, दोऱ्यांसकट. बाकी काय होतं तिथं, आणि पोटातल्यांचं काय झालं, ते विचारू नका. आमच्यात ते सांगत नाहीत.

कोंडाई पाटलाला काही बोलली नाही. भंडाऱ्याचं नाव तिनं काढलं नाही. ती म्हाकूपुढं जाऊन उभी राहिली. हात अजून कोपरापर्यंत माखलेलेच होते.

"आक्का," म्हाकू म्हणाला, "आपला कळप गेला असता गं. आपलाच. त्या तर लंगड्या हुत्या."

"त्या उठल्या कशा, म्हाकू?"

तो खाली बघायला लागला.

"काठीला त्या उठत न्हाईत. उठल्या कशा?"

"हाक मारली म्या."

"कुनाची?"

कोंडाई म्हणाली, "लांडग्यानं त्यांचा पाय मोडला, त्यो म्या बांधला. त्यांला वाटलं, कोंडीच बोलावतीया. माज्या हाकंवर चालत गेल्या रं त्या सुरीखाली. तू मारलं असतंस तर सोसलं असतं. तू मला मारायला लावलंस."

मग ती खाली बसली आणि त्या कामट्या गोळा करायला लागली. एकेक कामटी पदरात घेतली, दोऱ्या घेतल्या. एकदोघी बायका मदतीला वाकल्या, तर तिनं त्यांच्या हातातून त्या काढून घेतल्या. नदीवर धुतल्या आणि टेकावर निघून गेली. तिनं त्या जाळल्या नाहीत की पुरल्या नाहीत. वाळवून कोपीच्या छपरात खोचून ठेवल्या. पुढच्या शेळीला लागतील म्हणून.

तिनं शाप दिला असं काहीजण सांगतात. माझी आजी म्हणायची, खोटं आहे, शाप द्यायला तोंड उघडावं लागतं. पण त्या संध्याकाळी काय झालं ते सगळे एकच सांगतात. रानात कळप होते. राखणाऱ्यांनी रोजच्यासारख्या हाका मारल्या. आणि हाक ऐकली तशा शेळ्या जागच्या जागी बसल्या. सगळ्या कळपांतल्या, एकूण एक. शेपटीला पीळ दिला, कान ओढले, काठ्या मोडल्या, एक उठेना. पुन्हा हाक मारली की अंग चोरून आणखी जमिनीला बिलगत. अंधार पडायच्या आत माणसांनी त्या खांद्यावर घालून, चार चार खेपा करून घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग कुणाच्या तरी म्हातारीनं हाक न मारता नुसता हात लावला, आणि शेळी उठली. तेव्हा गावाला कळलं. पाटील भंडारा घेऊन टेकावर गेला, म्हणे. वाडग्याच्या दाराशी डोकं ठेवून आला. कोंडाई पाठ करून कबरीचं दूध काढत होती, ती वळली नाही.

पुढं पंधरवडा गेला असेल. म्हाकूच्या कळपातली सगळ्यांत लाडकी शेळी रानात अडली. त्याला दुसरी वाट नव्हती. भर उन्हात तिला दोन्ही हातांवर घेऊन तो टेक चढला. शेळी जड, पोटात दोन करडं, वाटेत दोनदा पडला. गुडघे फुटले. वाडग्यापुढं येऊन उभा राहिला, पण आक्का म्हणायची छाती होईना. आतून शेळीचं कण्हणं ऐकून कोंडाई बाहेर आली. तिनं त्याच्या हातातून शेळी घेतली. त्याच्याकडं बघितलं नाही. आत गेली आणि बोराटी ओढून घेतली.

म्हाकू बाहेरच्या धोंड्यावर बसला. आत त्याच कामट्यांच्या खाली, त्याच राखेवर, तिनं त्याची शेळी सोडवली. दोन्ही करडं जिवंत. जार पडेपर्यंत थांबली, पेज पाजली, आणि मग शेळी दाराबाहेर आणून सोडली. शेळी घेतली तिनं, भाऊ घेतला नाही. शेळीचा काय अपराध? उन्हं कलेपर्यंत म्हाकू तिथं बसून होता. मग करडं घोंगडीत घालून घरी गेला.

आणि त्यानंतर सगळं आयुष्य तसंच गेलं. म्हाकूचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. गावाच्या शेळ्यांचे पाय कोंडाईच बांधायची, शेळ्या तीच सोडवायची, कुणाला नाही म्हणाली नाही. भावाच्या पोरांना करडं खेळायला द्यायची, भावजयीशी बोलायची. पण ज्या तोंडानं तिनं म्हाकूला बोलायला शिकवलं, त्या तोंडानं त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही. आणि शेळीला हाक तर कधीच मारली नाही. तो दर दोन दिवसांनी पाल्याचा भारा आणून त्या धोंड्याशी टाकायचा आणि बसायचा. ती यायची, भारा उचलायची, आत न्यायची. बायका म्हणायच्या, आता सोड गं बाई. ती म्हणायची, "माज्या हातात असतं तर सोडलं असतं." मला हे खरं वाटतं. राग असता तर कधीतरी उतरला असता. तिचा तर त्या हाकेवरचा विश्वासच गेला होता, तो ती कुठून आणणार?

मग म्हाकू आजारी पडला. छातीत कफ धरला, खाटेवरून उठेना. वेळ जवळ आली तसं त्यानं बायकोला सांगितलं, "आक्काला म्हनावं, एकडाव माज्या नावानं हाक मार. लांबनं मार पायजे तर. मला ऐकू येईल." त्याची बायको टेकावर जाऊन कोंडाईच्या पाया पडली. कोंडाई तेव्हा म्हातारी झाली होती, पण टेक उतरून आली. कितीतरी वर्षांनी भावाच्या घराचा उंबरा ओलांडला. खाटेशी बसली. त्याच्या अंगावरची घोंगडी सारखी केली, घामानं भिजलेली मान पुसली, कूस बदलून दिली. दिवसभर बसली. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. गावातली माणसं दारात खोळंबून उभी होती की आता हाक मारेल, आता मारेल.

कोंडाईनं दोनदा तोंड उघडलं म्हणे. हाक आली नाही. दिवस मावळताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जसा शेळीला उठवताना ठेवतात तसा, आणि ठेवूनच राहिली. त्या हाताखाली म्हाकू गेला.

हात ठेवला म्हणजे माफ केलं, असं आमच्यातली बापये माणसं सांगतात. बायका तसं सांगत नाहीत. त्या म्हणतात, जेवढं उरलं होतं तेवढं दिलं. मी या वयात बायकांच्या बाजूनं आहे.

तर आजही टेकावर कुणी शेळी नेली, की नेणाऱ्यानं वाडग्यात पाऊल टाकायचं नसतं. दाराशी शेळी द्यायची आणि बाहेरच्या त्या धोंड्यावर बसायचं. आत गावातल्या जाणत्या बायका असतात. काय झालं, जगते का, किती वेळ लागेल, असं काही विचारायचं नाही. मोठमोठी माणसं बसलेली मी बघितली आहेत, मान खाली घालून. काम झालं की आतली बाई बाहेर येते आणि त्याच्या खांद्याला हात लावते. शेळी जगली असली तरी हात लावते, मेली असली तरी हात लावते. काय झालं ते तिच्या हातावरून कळत नाही. उठून दारातून आत बघितल्यावरच कळतं.